मुलुंडचे ४१५ चौरस फूट, ८ लाख रुपये आणि भिंतीच्या आतला खर्च

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. मुलुंड पूर्वेला चार मजली इमारत, १९८६ची. तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके, कार्पेट ४१५ चौरस फूट. घरात तुम्ही दोघे, सासूबाई आणि पाचवीतली मुलगी. हाताशी ८ लाख. मे महिन्यात काम काढून शाळा उघडायच्या आत परत यायचे आहे. ठेकेदाराने 'सगळे धरून' चौरस फुटाला १,६०० सांगितले, म्हणजे ६ लाख ६४ हजार. त्यात स्वयंपाकघराची भिंत पाडणे, फॉल्स सीलिंग, जुन्या लादीवर नवी लादी, मॉड्युलर किचन आणि संडास-बाथरूम एकत्र करणे. घ्यावे का हे कोटेशन?

ताई, मुंबईतली जुनी घरे दुरुस्त करण्यात माझी २६ वर्षे गेली. या पाचांपैकी चार गोष्टी मी तुमच्या घरात केल्या नसत्या आणि पाचवी अर्धीच केली असती. जे केल्याशिवाय गत्यंतर नाही ते मात्र यादीत कुठेच नाही: पाण्याचे पाइप, ड्रेनेज, वायरिंग. १९८६चे जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप, आतून गंजून निम्मे बुजलेले असणार. नळाला पाणी बारीक येते अशी तक्रार घरात असेल तर कारण बहुतेक तेच.

घरातले काम मी दोनच गटांत टाकतो. काही गोष्टी भिंतीत किंवा जमिनीत गाडल्या जातात आणि काही स्क्रूने लागतात. कपाट, पडदे, दिवे, झुंबर, टीव्हीमागचे पॅनल हे सगळे पुढच्या वर्षीही लावता येते. पाइप, वायर, न्हाणीचे वॉटरप्रूफिंग मात्र पुढच्या वर्षी करायचे तर या वर्षीची नवी लादी फोडावी लागते. पैसे बेताचे असतील तर गाडले जाणारे काम उत्तम दर्जाचे करा आणि स्क्रूवाले काम पगारातून हळूहळू होऊ द्या. लोक नेमके उलटे करतात, कारण पाहुण्यांना पाइप दाखवता येत नाही.

पण त्याही आधी सोसायटीत जाऊन एक गोष्ट विचारा. इमारत चाळिशीला टेकलेली आहे. पुनर्विकासाचा ठराव झाला आहे का? पीएमसी, म्हणजे पुनर्विकासाचा सल्लागार, नेमला आहे का? सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या २०१९च्या नियमावलीनुसार ५१ टक्के सभासदांच्या संमतीने गाडी पुढे सरकते, आणि एकदा सरकली की तुमची नवी न्हाणी चार-पाच वर्षांत मलब्यात जाईल. तसे असेल तर गळती थांबवा, धोकादायक वायरिंग बदला, रंग काढा आणि बाकीचे पैसे बँकेत राहू द्या. सगळे अजून नुसते बोलण्यातच असेल, तर मुंबईत बोलण्यात किती वर्षे जातात हे तुम्हाला मी सांगायला नको. मग काम काढा. त्याच फेरीत स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवालही मागून घ्या. तीस वर्षांवरच्या इमारतीचे ऑडिट दर तीन वर्षांनी व्हावे असे सोसायटीचे उपविधी सांगतात. तुमच्या घराच्या स्लॅबबद्दल, बीमबद्दल त्यात काही लिहिले असेल तर ती दुरुस्ती सगळ्यात पहिली.

आता भिंत. स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत साडेचार इंची विटांची असेल तर बहुधा तिच्यावर भार नसतो. पण 'बहुधा'वर हातोडा चालवायचा नसतो. तिच्या पोटात कॉलम असू शकतो, एखादा बीम तिच्यावर टेकलेला असू शकतो, आणि चाळीस वर्षांत वरच्या मजल्यावाल्यांनी काय काय केले ते कुणाला ठाऊक? स्ट्रक्चरल इंजिनिअरचे पत्र आणि सोसायटीची लेखी परवानगी असल्याशिवाय पाडू नका. प्लास्टर, लादी, नळ, वायरिंग, रंग असल्या कामांना पालिकेची परवानगी लागत नाही. भिंत पाडणे त्यात मोडत नाही.

आणि परवानगी मिळाली तरी माझे मत नाहीच. तुमच्या घरात फोडणी होते. सासूबाई शनिवारी मिरचीचा ठेचा करत असतील, रविवारी बोंबील तळत असतील. हॉल हीच मुलीची अभ्यासाची खोली आणि रात्री कुणाची तरी झोपायची जागा. भिंत गेली की ओट्यावरची कुकरची शिट्टी थेट तिच्या वहीवर. शिवाय भिंत म्हणजे कपाट टेकवायची जागा, आणि छोट्या घरात तीच आधी संपते. उजेडच हवा असेल तर ओट्याच्या वर तीन बाय अडीच फुटांची खिडकी काढा, सरकती काच लावा. त्यालाही इंजिनिअरची नजर हवीच, पण खर्च आणि धोका दोन्ही कितीतरी कमी. मात्र त्या भिंतीवरून महानगर गॅसची पाइपलाइन जात असेल तर तिला हात लावायचा नाही. ती कंपनीच्या माणसांकडूनच हलवून घ्यायची. आणि लाकडी पेटी करून ती झाकायचीही नाही. गळला तर गॅस पेटीत साठतो.

फॉल्स सीलिंग सहा इंच उंची खाते. तुमच्याकडे स्लॅबखाली जेमतेम नऊ-साडेनऊ फूट असतील. पंखा डोक्याच्या जवळ येतो, खोली बुटकी दिसते. वरच्यांच्या बाथरूममधून गळती सुरू झाली तर ती सहा महिने पीओपीच्या आड मुरत राहते आणि तुम्हाला कळते तेव्हा तुकडा खाली पडलेला असतो. ते पैसे वायरिंगला द्या.

लादीवर लादी हा प्रकार ॲढेसिव्ह चांगले असेल तर टिकतो, मी स्वतः केला आहे. पण जमीन अर्धा-पाऊण इंच वर येते. मग सगळी दारे खालून रंधायची, उंबरठे बदलायचे आणि मोरीकडचा उतार बिघडायचा. वजनही वाढते, ४१५ चौरस फुटांना साधारण एक टन. चाळीस वर्षांच्या स्लॅबवर तो टन कशाला? तुमच्याकडे जुनी मोझॅक लादी असणार. ती चांगली पाऊण-एक इंच जाडीची असते, वरचा थर दगडाच्या चुऱ्याचा. चार-पाच तुटल्या असतील तेवढ्या बदला आणि सगळीकडे मशीनने पॉलिश मारा. तीन-चार दिवसांचे काम, चिखल खूप होतो, पण निघाल्यावर तुम्हीच विचाराल की ही लादी इतकी वर्षे होती कुठे. उन्हाळ्यात पायाला गार लागते. लोक मला विचारतात, 'पण जुने दिसेल ना?' दिसेल. जुने आणि चांगले दिसेल.

बाथरूमबद्दल मात्र मी लांबण लावणार आहे, कारण मुंबईतल्या घराचे बहुतेक तंटे तिथेच जन्मतात.

आधी एकत्र करण्याचा विषय. चार माणसे, सकाळी सात वाजता शाळेची बस, आठच्या लोकलला दोघे. संडास आणि न्हाणी वेगळी असणे ही १९८६च्या बिल्डरने तुम्हाला दिलेली देणगी आहे. ती मोडू नका. एकत्र केलेले टॉयलेट फोटोत मोठे दिसते, सकाळी मात्र दाराबाहेर रांग लागते.

जुन्या न्हाणीखाली स्लॅब खोलगट असतो, आम्ही त्याला संकन म्हणतो. त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो आणि पाइप त्याच्यातून जातात. कोबा चाळीस वर्षे पाणी पितो. त्यावर नुसती नवी लादी बसवणे म्हणजे ओल्या गादीवर नवी चादर. कोबा पूर्ण काढून स्लॅबपर्यंत जायचे. सळ्या गंजल्या असतील तर तिथेच दुरुस्ती. मग कोपऱ्यांना वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई, काढायचा, कारण जमीन आणि भिंत जिथे काटकोनात भेटतात तिथेच तडा जातो. त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, भिंतीवर निदान एक फूट आणि शॉवरच्या बाजूला सहा फुटांपर्यंत. मग पाण्याची तोंडे बंद करून संकन भरायचे आणि ४८ तास सोडायचे.

त्या ४८ तासांत खालच्या मजल्यावर जा. हातात टॉर्च, सोबत खालच्या घरातले कुणीतरी. छत पाहा, फोटो काढा, तारीख घाला. नंतर कधी वाद झालाच तर हे फोटो तुमचे, आणि शेजाऱ्यांनाही बरे वाटते की आपल्याला विचारले. कोरडे निघाले की पाइप, मग कोबा, मग पुन्हा पाणी भरून तपासणी आणि मग लादी. दुसरी तपासणी सगळे ठेकेदार गाळतात. मीसुद्धा गाळली होती. दादरला एका घराचे काम होते, गणपती आठवड्यावर आलेले, घरमालक रोज दोनदा फोन करत. 'होऊन जाईल' म्हणून मी लादी बसवून दिली. प्लंबरने न्हाणी ट्रॅपचा, म्हणजे सांडपाणी जाते त्या जाळीखालच्या भांड्याचा, सांधा नीट भरला नव्हता. अनंत चतुर्दशीच्या आत खालच्या आजींच्या देवघरावर थेंब पडायला लागले. सगळे फोडून पुन्हा केले, पदरच्या पैशांनी. तेव्हापासून गणपती असोत की लग्न, पाणी दोनदा भरतोच.

लादीचा हिशेब घरीच करून पाहा, म्हणजे 'चौरस फुटाचा सरसकट भाव' किती फसवा आहे ते दिसेल. न्हाणी चार बाय सहा, म्हणजे जमीन २४ चौरस फूट. भिंतींचा घेर २० फूट, सात फुटांपर्यंत लादी लावली तर १४० आणि दार वजा जाता सुमारे १२५. दोन्ही मिळून १५०, त्यावर दहा टक्के तुटफूट धरून १६५. चोवीस फुटांच्या खोलीत दीडशे फुटांचे काम, शिवाय वॉटरप्रूफिंग, नळ, सॅनिटरी भांडी. आणि बेडरूमच्या १२० फुटांत फक्त पॉलिश आणि रंग. दोन्हींना एकच भाव कसा लागेल? ठेकेदार सरासरी काढतो आणि पैसे कुठे वाचवायचे हे तोच ठरवतो. बहुतेक वेळा ते कोब्यात वाचतात, कारण कोबा दिसत नाही. म्हणून बाबवार, म्हणजे एकेका कामाचे वेगळे, कोटेशन मागा. तोडफोड, मलबा, पाइप किती फूट, पॉइंट किती, लादी बसवण्याची मजुरी, प्रत्येकाचा वेगळा भाव आणि सामानाची कंपनी लिहून.

न्हाणीच्या जमिनीला फूटभर बाय फूटभर खरखरीत लादी घ्या. दोन बाय चारची मोठी लादी छोट्या न्हाणीत उतार धरत नाही. लादी बसली की तांब्याभर पाणी चार कोपऱ्यांत ओता. ते एका दमात ट्रॅपकडे गेले पाहिजे. कुठे थबकले तर तेवढा भाग त्याच दिवशी उखडायला सांगा, सिमेंट सुकल्यावर कुणी ऐकत नाही. आणि चार लाद्या जास्तीच्या घेऊन माळ्यावर ठेवा. त्याच शेडची लादी तीन वर्षांनी मिळत नाही.

नळ-शॉवर घेताना शोरूममधल्या पाण्याच्या जोरावर भुलू नका, तिथे पंप असतो. तुमच्या शॉवरपासून गच्चीवरच्या टाकीतले पाणी वीसेक फूट वर असेल तर दाब जेमतेम ०.६ बार. मोठा रेन शॉवर त्यावर रडतो. साधा, कमी दाबावर चालणारा घ्या आणि दुकानदाराकडून तसे बिलावर लिहून घ्या.

वायरिंगला मी ९० हजार बाजूला ठेवले असते आणि त्यातून एक रुपया काढू दिला नसता. १९८६ साली घरात चार ट्यूब, तीन पंखे, एक फ्रीज धरून वायर टाकलेली. आज एसी दीड किलोवॅट, गीझर दोन, इंडक्शन दोन, मिक्सर आणि इस्त्री वेगळेच. दिव्यांना दीड स्क्वेअर एमएमची वायर, १६ अँपिअरच्या पॉइंटला अडीच, एसी आणि गीझरला स्वतंत्र चार. अर्थिंगची वायर प्रत्येक पॉइंटपर्यंत. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच, हवाच. न्हाणीत गीझरचा शॉक बसला तर माणसाला तोच वाचवतो, जादा भाराला पडणारा एमसीबी नाही. मुलुंडला वीज महावितरणची, तेव्हा मंजूर भार किती आहे ते बिलावर पाहा आणि कमी असेल तर वाढीचा अर्ज काम सुरू व्हायच्या आधीच टाका. सामान लोहार चाळीत स्वस्त मिळते, पण ओळखीचे दुकान असेल तरच जा. नकली वायर तिथेही मिळते.

भिंती खणायच्या आधी खडू घेऊन घरभर फिरा. पलंग इथे, फोन इथे चार्ज होणार, मिक्सर इथे, सासूबाईंना रात्री उठल्यावर बटण हाताशी इथे. प्रत्येक जागी फुली मारा. खणून झाल्यावर, प्लास्टरच्या आधी, टेप लावून प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. पाच वर्षांनी खिळा ठोकताना तो फोटो तुमचे आभार मानेल.

स्वयंपाकघरात अर्धे मॉड्युलर म्हणालो ते असे. ओट्याखाली प्लायचे डबे बनवण्याऐवजी कडप्प्याच्या उभ्या-आडव्या फळ्या बसवा आणि वर काळा ग्रॅनाइट. कडप्पा फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही, सिंकखाली पाणी सांडले तर पुसून टाकले की झाले. पुढे फक्त दारे प्लायची आणि दोनच ट्रॉल्या, एक चमच्यांची, एक ताटांची. बाकी डबे, कुकर, कढया कडप्प्यावर मजेत राहतात. दिसायला बाहेरून मॉड्युलरच दिसते. प्लाय सिंकजवळ बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा, आयएस ७१० असा शिक्का असलेलाच. हॉलमधल्या कपाटाला एमआर, म्हणजे दमटपणा सोसणारा, आयएस ३०३ चालतो. माल आला की प्रत्येक प्लायवरचा शिक्का स्वतः पाहा. नमुना एक आणि टेम्पोतून दुसराच माल, हा खेळ जुना आहे. ओट्याची उंची कॅटलॉगमधून घेऊ नका. जी जास्त वेळ उभी राहते तिच्या कोपरापासून चार-पाच इंच खाली ठेवा. तुमच्या घरी ती कोण ते तुम्हीच ठरवा, मी त्या वादात पडत नाही.

खिडक्यांचे एक लक्षात ठेवा. जुन्या लाकडी खिडकीची दोन्ही पाखे उघडली की पूर्ण वारा येतो. सरकती ॲल्युमिनियमची एका वेळी अर्धीच उघडते. पश्चिमेच्या पावसाला ती बरी, म्हणून त्या बाजूला बदला. पूर्वेची लाकडी चौकट शाबूत असेल तर घासून रंगवा. बाहेरच्या भिंतीतून ओल येत असेल तर आतून कितीही महाग रंग लावा, लोणा, म्हणजे ओलीने येणारा पांढरा क्षार, पुन्हा फुटतोच. ती भेग बाहेरून बुजवायला हवी आणि ते काम सोसायटीचे. पत्र आजच द्या.

८ लाख मी असे वाटले असते: दोन महिन्यांचे भाडे आणि दोनदा टेम्पो ७५ हजार, हात न लावायचे राखीव ७५ हजार, न्हाणी-संडास १ लाख ६०, वायरिंग ९०, स्वयंपाकघर दीड लाख, मोझॅक २५, खिडक्या ६०, रंग ५५, आणि उरलेल्या १ लाख १० हजारांत खाली सामान मावेल असा एक पलंग आणि एकच मोठे कपाट. राखीव पैसे लागतातच. कोबा उघडल्यावर काय निघेल हे कुणी सांगू शकत नाही.

वेळ. मे महिन्यात सुरू करू नका. मजूर लग्नसराईला गावी जातात, रंगारी कोकणातला असेल तर तोही. रेंगाळत काम जूनमध्ये शिरले की प्लास्टर सुकत नाही, पुट्टी फुगते, प्लाय ओल ओढते. एकच न्हाणी असल्याने तुम्हाला घर सोडावेच लागणार, मग दिवाळीनंतर सोडा. मुलीची दोन महिने शाळा भाड्याच्या घरातून होईल, ते परवडते. पन्नास-साठ दिवस धरा. दुपारी दोन ते चार आणि रविवारी तोडफोड नाही, हे सोसायटीने सांगायच्या आधी तुम्हीच वर-खालच्यांना सांगून ठेवा. मलबा गोण्यांत भरून, लिफ्टमधून नव्हे. पालिकेची 'डेब्रिज ऑन कॉल' सोय आहे. ठेकेदार 'मी टाकतो कुठेतरी' म्हणाला तर ते 'कुठेतरी' म्हणजे बहुधा खाडी.

आगाऊ दहा टक्क्यांवर देऊ नका. पुढचे हप्ते टप्प्याला बांधा: पहिली पाणीतपासणी, दुसरी पाणीतपासणी, वायरिंग चालू, लादी पूर्ण. शेवटचे दहा टक्के राहायला आल्यावर पंधरा दिवसांनी. चांगला ठेकेदार कुरकुरतो, पण मान्य करतो.

एक राहिले. तुमच्या घराची दारे आणि चौकटी १९८६च्या सागवानाच्या असण्याची शक्यता बरीच आहे. ठेकेदार म्हणेल, 'ताई, जुनी दारे आम्ही फुकट उचलून नेतो, फ्लश डोअर लावतो.' त्या लाकडाला जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात चांगला भाव येतो, म्हणून ती फुकट उचलतात. घासून पॉलिश मारली तर आणखी चाळीस वर्षे जातील. मलब्याबरोबर दार जिना उतरताना दिसले, तर त्याला अर्ध्या जिन्यातून परत वर आणा.